उखर्डू उर्फ उत्तम

इतर मागासवर्गीयांच्या जात पडताळणीला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो. तो आमच्या घरात असणारच, असं सगळे धरून चालले होते. भाचीला अभियांत्रिकीला प्रवेश घ्यायचा होता. भाऊ चाकणला कंपनीत, सुट्टी मिळायची मारामार. मी जळगावात राहते म्हणून फाइल माझ्याकडे आली. वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला काढला, तर जातीच्या रकान्यात नुसतं ‘हिंदू’. शाळेचं जनरल रजिस्टर पाहिलं, तिथेही तेच. असे दाखले घरोघरी आहेत, ज्यांनी पडताळणीची फाइल केली त्यांना हे नवीन नाही. आता आजोबांपर्यंत मागे जाणं भाग होतं.

आजोबांना मी पाहिलेलं नाही. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी ते गेले. घरात त्यांचा एक फोटो आहे, खाली ‘कै. उत्तम भिका’ असं लिहिलेलं. गावच्या शाळेत त्यांच्या वेळची रजिस्टरं वाळवीने खाल्लेली, त्यामुळे ती वाट बंद. मग तलाठ्याकडे जुने सातबारे मागितले. शेत तेच, गट फुटण्याआधीचा सर्व्हे नंबर तोच, पण कब्जेदाराच्या रकान्यात उत्तम कुठेच नाही. तिथे होतं ‘उखर्डू भिका माळी’.

हे कोण, मला कळेना. तलाठीभाऊंना मात्र काहीच नवल वाटलं नाही. म्हणाले, ‘घरी म्हाताऱ्या माणसाला विचारा. निम्म्या गावाची दोन-दोन नावं आहेत.’

घरी म्हातारं माणूस म्हणजे आत्या. ऐंशीला टेकली आहे, कानाने कमी, पण जुन्या गोष्टी विचारल्या की एकदम ताजी होते. ती सहज अहिराणीत म्हणाली, ‘मना बापले उकर्डावर ठेयं, तवय तो जगना.’ तिच्या बापाला उकिरड्यावर ठेवलं, तेव्हा कुठे तो जगला.

तिने जे सांगितलं ते तिच्या आजीकडून तिने ऐकलेलं. आजोबांच्या आधीची भावंडं एकामागून एक गेली होती. हा मुलगा झाला तेव्हा सुइणीने त्याला घराबाहेर नेऊन उकिरड्याच्या कडेला ठेवलं. शेजारच्या बाईने तो ‘सापडला’ म्हणून उचलला. मग पणजीने पदर पसरून, पायलीभर ज्वारी देऊन तो तिच्याकडून विकत घेतला. म्हणजे हे पोर आमच्या पोटचं नाहीच, टाकून दिलेलं आहे, उचलून आणलेलं आहे. यावर नजर ठेवण्यात काही अर्थ नाही. मृत्यूला असं सांगायचं. नावही तेच ठेवायचं, म्हणजे हाक मारली की दरवेळी ते पुन्हा सांगितलं जातं.

शाळेत घालायच्या वेळी गुरुजींनी नाव विचारलं. उखर्डू ऐकून म्हणाले, हे कसलं नाव, उत्तम लिहू. गुरुजींनी वाईट हेतूने केलं नाही. खानदेशातच काय, महाराष्ट्रभर शाळामास्तरांनी अशी हजारो नावं बदलली असतील, पोराला वर्गात कुणी हसू नये म्हणून. पण शेत बापाच्या नावावरून पोराच्या नावावर आलं ते गावातल्या नावाने. शाळेत उत्तम, सातबाऱ्यावर उखर्डू. एकाच माणसाची दोन नावं दोन कचेऱ्यांत जाऊन बसली आणि पुढच्या पिढ्यांना ती जुळवत बसावं लागलं.

दोन्ही नावं एका कागदावर कुठे आहेत का, याचा शोध सुरू झाला. तो कागद फेरफाराच्या वहीत मिळाला. आजोबा वारले तेव्हाची वारस नोंद: ‘उखर्डू उर्फ उत्तम भिका मयत, वारस पुढीलप्रमाणे’, आणि खाली माझ्या वडिलांचं आणि काकांचं नाव. त्या वेळच्या तलाठ्याने ‘उर्फ’ हा एक शब्द लिहिला नसता तर आमची फाइल तिथेच थांबली असती. ज्यांच्या घरी अशी दोन नावं आहेत त्यांनी सातबाऱ्यावर समाधान मानू नये. वारसाचा फेरफार काढावाच.

पण फेरफारात जात नव्हती. जात मिळते ती कोतवाल बुकात.

कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना नंबर 14, गावातल्या जन्म-मृत्यूची नोंदवही. गावचा कोतवाल खबर द्यायचा, पाटील-कुलकर्णी लिहायचे, आणि वही पुढे तालुक्याला जमा व्हायची. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात कापडी बस्त्यांत त्या बांधून ठेवलेल्या असतात. 2023 मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेल्यावर कुणबी नोंदींसाठी राज्यभर हीच दप्तरं उघडली गेली, तपासली गेली, पुष्कळ ठिकाणी स्कॅनही झाली. त्याचा फायदा आमच्यासारख्या इतरांनाही झाला. बस्त्यांवर गावांची नावं आणि सालं नव्याने लिहिलेली होती. अर्ज, कोर्ट फी स्टॅम्प, तपासणीची फी, मग नकलेची फी. हा भाग सरळ आहे, फक्त वेळ लागतो.

अडचण लिपीची. आमच्या गावच्या त्या सालांच्या वह्या मोडीत आहेत. पुराभिलेख संचालनालय मोडीची परीक्षा घेतं, ती पास झालेले वाचक लिप्यंतर करून देतात. मला भेटले ते एक निवृत्त गृहस्थ होते. मोडीत आधी आडवी रेघ ओढून घेतात आणि मग तिच्याखाली हात न उचलता अक्षरं गुंफत जातात. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद ठेवत नाहीत. त्यामुळे नावं वाचताना संदर्भ माहीत असावा लागतो. त्यांनी पहिला प्रश्न केला तो जातीचा नव्हता. म्हणाले, ‘नाव काय?’ मी उखर्डू सांगितलं. त्यावर म्हणाले, ‘मग जन्माच्या पानांआधी आपण मृत्यूची पानं बघू.’

मला वाटलं, आजोबांच्या मृत्यूची नोंद शोधताहेत. तसं नव्हतं.

या वहीची एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. जन्माच्या नोंदीत मुलाचं नाव बहुधा नसतंच. बारसं व्हायच्या आधी खबर गेलेली असते. तारीख, बापाचं नाव, जात, आणि पुढे ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, एवढंच. मयताच्या बाजूला मात्र नाव, वय आणि आजार लिहिलेला असतो. म्हणजे जे मूल जगलं ते वहीत निनावी राहिलं, आणि जे गेलं त्याचं नाव लागलं. त्या गृहस्थांचं बोट मयताच्या रकान्यावरून हळूहळू खाली उतरत होतं आणि ते पुटपुटत वाचत होते. पहिली नोंद सापडली: ‘राजाराम वलद भिका माळी, वय 2 वर्षे, देवी.’ वलद म्हणजे अमक्याचा मुलगा. पुढच्या एका वहीत: ‘सीताराम वलद भिका माळी, वय 8 महिने, ताप.’ आणि मग 1918 ची वही. त्या वर्षीच्या दसऱ्या-दिवाळीच्या सुमाराची पानं उघडली तेव्हा ते वाचायचे थांबले. आजाराच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ताप, ताप, ताप. ती मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ. एकेका पानावर एकाच घरातली दोन-दोन, तीन-तीन माणसं. त्यांच्यात ‘गणपत वलद भिका माळी, वय 4 वर्षे.’

राजाराम, सीताराम, गणपत. पणजोबांनी पहिल्या तिन्ही मुलांना देवांची नावं ठेवली होती. चौथ्याला ठेवलं नाही. 1920 च्या वहीत जन्माच्या बाजूला एक ओळ आहे, ‘भिका वलद तानाजी, माळी, मुलगा’. तेच आमचे आजोबा. या ओळीत उखर्डू हे नाव नाही आणि असणारही नव्हतं. पण मागची ती तीन पानं वाचल्यावर ते नाव कुठून आलं हे कुणी सांगायची गरज उरली नाही.

ते गृहस्थ म्हणाले, ‘कुठे दगडू, धोंडू, उखर्डू दिसला की मी मागची पानं उघडतो. बहुतेक वेळा दोन-तीन भावंडं निघतात.’ इतकी वर्षं हेच काम करणाऱ्या माणसाचं हे निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं. त्या काळी हिंदुस्थानात जन्मलेल्या हजार मुलांमागे दोनशेहून अधिक मुलं वर्षाचीसुद्धा होत नव्हती. आकडा वाचायला आपल्याला काही वाटत नाही. पण त्याच वहीच्या एका बाजूला ‘मुलगा’ आणि काही पानांनी दुसऱ्या बाजूला त्याच बापाचं नाव पुन्हा आलेलं पाहिलं की हात थांबतो.

पानं उलटताना मी नावं वेगळ्या कागदावर उतरवून घेत गेले, कामाशी त्याचा संबंध नसताना. सुपडू: जन्मल्यावर सुपात घातलेला. शेणफडू. झिपरू: नवस फेडेपर्यंत जावळ न काढलेला, झिपऱ्या वाढलेला. धुडकू: धुडकावलेला. वेडू. भिका: भिकेत मिळालेला, म्हणजे आमचे पणजोबाही तसलेच, त्यांच्याही आधी कुणी गेलं असणार, पण तेवढ्या मागच्या वह्या मिळाल्या नाहीत. नथू: नाक टोचून नथ घातलेला, मुलगी आहे असं भासवायला. फकिरा: फकिराच्या झोळीत घालून परत घेतलेला किंवा पिराला नवस बोललेला, हिंदू घरांत हे नाव पानापानावर आहे. वऱ्हाडात याच्याच जोडीला कवडू आणि दमडू भेटतात, कवडीला-दमडीला विकत घेतलेले. पश्चिम महाराष्ट्रात केरबा आणि कचरू. दगडू-धोंडू मात्र सगळीकडचे. महर्षी कर्व्यांचं नाव धोंडो, 1858 साली कोकणात जन्मलेले. त्यांना वयाची शंभरी गाठल्यावर भारतरत्न मिळालं. पुण्यात दगडूशेठच्या गणपतीला रोज हजारो लोक हात जोडतात, त्यात दगडू या शब्दाने कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही.

सगळीच नावं अशी मृत्यूला चुकवणारी नव्हती. सोमा, मंगा, बुधा वारावरून. कौतिक म्हणजे कौतुक, आणि आधार. ही दोन नावं खानदेशाबाहेर मी फारशी ऐकली नाहीत. लहानू, बारकू. बायकांत साखरबाई, लाडकाबाई. घरात दिवसभर तोंडात असलेले शब्दच ही माणसं मुलांना देत होती. नाव शोधायला पोथी उघडावी लागत नव्हती.

मुलींच्या नावांबद्दल मात्र मला स्पष्ट बोलायचं आहे, कारण हे दोन प्रकार लोक एकत्र करतात. उखर्डू आणि नकुशी ही नावं वरवर एकाच जातीची वाटतात. तशी ती नाहीत. उखर्डू हे नाव ‘हा आम्हाला हवाय’ हे लपवण्यासाठी ठेवलं. नकुशी हे नाव ‘ही आम्हाला नको’ हे सांगण्यासाठी. एकामागून एक मुली झाल्या की नकुशी, कुठे चिंधी. सिंधुताई सपकाळ यांना लहानपणी चिंधी म्हणत, 1948 साली वर्धा जिल्ह्यात नको असलेली मुलगी म्हणून जन्माला आल्या होत्या त्या. आणि ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. ऑक्टोबर 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात समारंभ करून 285 नकुसांना नवी नावं दिली गेली. त्या मुलींनी नावं बदलून घेतली हे शंभर टक्के योग्य झालं. जे नाव आईबापांनी लेकराला वाचवण्यासाठी ठेवलं ते जपावं, आणि जे त्याला नाकारण्यासाठी ठेवलं ते टाकून द्यावं. दोन्हींना ‘अडाणीपणाची नावं’ म्हणून एकाच ओळीत बसवणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

हे भांडण घरातच झालं. नमुना 3 च्या शपथपत्रात वंशावळ लिहायची असते. मी आजोबांच्या जागी ‘उखर्डू उर्फ उत्तम’ लिहून भावाला फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन. ‘ताई, उत्तम एवढंच लिही ना. पोरीची फाइल आहे. कॉलेजात जाईल ती, कुणी बघितलं तर?’ त्याचं म्हणणं मला कळत होतं. गाव सोडून शहरात राहिलेल्या माणसाला नावावरून काय काय ऐकून घ्यावं लागतं हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मी त्याला म्हटलं, नुसतं उत्तम लिहिलं तर सातबारा जुळत नाही, सातबारा जुळला नाही तर भिका जुळत नाही, आणि भिका जुळला नाही तर कोतवाल बुकातली माळी ही जात आपली ठरत नाही. तुझ्या मुलीचा प्रवेश त्या नावावर उभा आहे. मग राजाराम, सीताराम, गणपत यांच्या नोंदी वाचून दाखवल्या. तो बराच वेळ बोलला नाही. ‘हे कुणी सांगितलंच नाही आपल्याला,’ एवढंच म्हणाला. वडिलांना तरी माहीत असेल का, हे आता विचारायला कुणी नाही.

फाइल ऑनलाइन भरली, कागद समितीकडे गेले, आणि नावांत फरक असल्यामुळे प्रकरण दक्षता पथकाकडे चौकशीला गेलं. लोक याला घाबरतात. आमच्याकडे आलेले अधिकारी शांत होते, त्यांनी कुलदैवत, लग्नातल्या चालीरीती, सोयरीक कुठल्या गावांत, असे ठरलेले प्रश्न विचारले. मग आत्याला मोठ्याने विचारलं, ‘आजी, तुमच्या वडिलांचं नाव काय?’ आत्या म्हणाली, ‘उखर्डू.’ ‘आणि उत्तम?’ ‘ते मास्तरांनी ठेवलं. घरात कुणी तसं म्हटलं नाही.’ अधिकाऱ्यांनी ते तसंच्या तसं जबाबात लिहून घेतलं आणि वाचून दाखवून तिचा अंगठा घेतला. सही येते तिला, पण त्या दिवशी हात कापत होता.

आत्याला एक गोष्ट खटकली आणि ती बरोबर होती. वंशावळीचा कागद तिला वाचून दाखवला तेव्हा म्हणाली, ‘यात बायका कुठे आहेत?’ नाहीत. पडताळणीला रक्ताची नाती बापाकडून मोजतात, त्यामुळे झाडाला फांद्या फक्त पुरुषांच्या. 1916 च्या वहीत भिका माळ्याच्या नावे एक ‘मुलगी’ आहे. ती जगली. तिचं नाव ठगूबाई, असं आत्या सांगते. ती लग्न होऊन गिरणा नदीपलीकडच्या गावाला गेली, तिच्या मृत्यूची नोंद तिथल्या वहीत नवऱ्याच्या नावाने लागली असणार. म्हणजे आमच्या गावच्या दप्तरात ती फक्त ‘मुलगी’ या शब्दाएवढीच आहे. ज्या पणजीने ज्वारी देऊन आजोबांना विकत घेतलं तिचं नाव तर वहीतही नाही आणि आत्यालाही ठाऊक नाही. ती तिला ‘मोठी माय’ म्हणायची. 2024 च्या 1 मे पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आपल्या राज्यात आईचं नाव बापाच्या आधी लागतं. शंभर वर्षांनी कुणी आमच्यासारखं शोधत बसलं तर निदान त्याला आई सापडेल. मी समितीच्या नमुन्याला हात लावला नाही, पण घरासाठी दुसरी वंशावळ मोठ्या कागदावर केली आणि तिच्यात आत्याला आठवतात तेवढ्या सगळ्या बायका लिहिल्या: ठगूबाई, साखरबाई, लाडकाबाई, आणि दोन चिंधाबाई.

वैधता प्रमाणपत्र प्रवेशाच्या मुदतीत मिळालं. भाचीने निर्णयाची प्रत पूर्ण वाचली. त्यात ‘अर्जदाराचे पणजोबा उखर्डू उर्फ उत्तम’ असं आहे. तिने मला विचारलं ते उखर्डूबद्दल नव्हतं. गणपत चार वर्षांचा होता म्हणजे त्याला बोलता येत असणार, त्याच्याबद्दल आत्याआजीला काही माहीत आहे का, असं तिने विचारलं. आत्याला काही माहीत नव्हतं.

आता चुलतभावाच्या मुलाची फाइल चालू आहे. रक्तनात्यातलं वैधता प्रमाणपत्र पुरावा म्हणून चालतं, त्यामुळे त्याचं काम सोपं होईल. तरी मी त्याला कोतवाल बुकाच्या नकला, मोडीचं लिप्यंतर आणि तो फेरफार, तिन्हींचे संच काढून दिले आहेत. शपथपत्रात नाव पूर्ण लिही, उर्फ गाळू नकोस, असं सांगितलं आहे. तो म्हणाला, टंकलेखकाने उखर्डूच्या जागी दोनदा ‘उद्धव’ टाइप केलं होतं, दोन्ही वेळा दुरुस्त करून घेतलं.